पाँटून बोटीला किती एचपीची आउटबोर्ड मोटर? या चुका टाळा

"बोट २२ फुटांची आहे, किती एचपीची मोटर लावू?" अमेरिकेतल्या तळ्यांवर फिरायला पाँटून बोट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांवर तरंगणारी सपाट तळाची बोट, घेणारे बहुतेक जण विक्रेत्याला एवढंच विचारतात. एचपी म्हणजे अश्वशक्ती, आणि आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली मोटर. या प्रश्नात माणसं-सामानासकट बोटीचं वजन नाही, खालच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांचा व्यास नाही आणि बोट कशासाठी हवी तेही नाही. मग मिळणारा आकडा बरोबर निघालाच तर तो नशिबाचा भाग.

चूक पहिली: लांबी बघून एचपी ठरवणे

हिशोब मांडून पाहा. दोन नळकांड्यांची २२ फुटी बोट रिकामी साधारण १,००० किलो भरते. मर्क्युरी कंपनीची ११५ एचपीची मोटर १६३ किलो. ९० लिटर पेट्रोल ६७ किलो. बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेटं, वरचं छत आणि बर्फाने भरलेला कूलर मिळून १२५ किलो धरा. सरासरी ७५ किलोची दहा माणसं बसली की ७५० किलो वाढले. एकूण २,१०५ किलो, म्हणजे एका एचपीच्या वाट्याला सुमारे १८ किलो.

बोट पाण्यावर उचलली जाऊन पळावी यासाठी एका एचपीला ११ ते १८ किलो हे जुनं, भरवशाचं माप आहे. ११५ची मोटर या मापाच्या काठावर कशीबशी बसते. तीच बोट ६० एचपीवर चालवली तर मोटर ५० किलोने हलकी होऊनही एका एचपीवर ३४ किलो येतात. अशी बोट पाण्यावर उचलली जात नाही, पाणी ढकलत राहते. चार माणसं संध्याकाळी निवांत फेरी मारणार असतील, तर ६० एचपी पुरते. दहा माणसं घेऊन वाऱ्याविरुद्ध परत यायचं असेल, तर थ्रॉटल शेवटपर्यंत दाबून धरावा लागतो आणि मोटर हंगामभर पूर्ण ताणावर चालते.

नळकांड्यांचा व्यास इथेच कामाला येतो. २५ इंच व्यासाचं, साडेसहा मीटर लांबीचं नळकांडं पूर्ण बुडालं तर सुमारे २,०६० किलो पाणी बाजूला सारतं. दोन नळकांड्यांवर २,१०५ किलो म्हणजे ती जेमतेम निम्मी बुडतील. २३ इंची नळकांडी असतील तर तेच वजन त्यांना साठ टक्क्यांपर्यंत बुडवतं. जितकं जास्त बुडालं तितका पाण्याचा विरोध जास्त, मग एचपी कितीही असो. तिसरं नळकांडं असलेली बोट, म्हणजे ट्रायटून, जास्त एचपी का पेलते याचं कारणही हेच: तिची नळकांडी त्याच भाराखाली चाळीस टक्क्यांच्या आतच बुडतात. त्यांवर लिफ्टिंग स्ट्रेक्स, म्हणजे बोटीला वर उचलणाऱ्या पट्ट्या, जोडलेल्या असतील तर बोट खऱ्या अर्थाने पळते. मोठ्या माणसाला वॉटर स्कीवर ओढायचं असेल तर दोन नळकांड्यांच्या बोटीवर एचपी वाढवत बसू नका. १५० एचपीची ट्रायटून बघा. मुलांना रबरी ट्यूबवर बसवून ओढायला ९० ते ११५ बास.

एचपी "थोडं कमी चालेल" म्हणून ९०वर थांबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मर्क्युरीच्या ७५, ९० आणि ११५ या तिन्ही फोरस्ट्रोक मोटरी एकाच २.१ लिटरच्या ब्लॉकवर बांधलेल्या आहेत आणि त्यांचं वजनही सारखंच आहे. ७५ घेऊन बोटीचा मागचा भाग हलका होत नाही. पेट्रोलचंही तसंच आहे. पूर्ण थ्रॉटलवर ताशी खप साधारण एचपीच्या दहाव्या हिश्शाइतके गॅलन, म्हणजे ११५ला ४० लिटरांच्या पुढे, हे खरं. पण ११५वाला दिवसभर पूर्ण थ्रॉटलवर चालवत नाही, ६०वाल्याला चालवावं लागतं.

चूक दुसरी: पाटी न वाचणे

स्टिअरिंगजवळ किंवा कठड्याच्या आतल्या बाजूला क्षमतेची पाटी असते. तिच्यावर माणसांची संख्या, त्यांचं वजन, कमाल एचपी आणि आणखी एक आकडा असतो, ज्याकडे कुणी बघत नाही: माणसं, मोटर आणि सामान मिळून एकूण वजन. मोटर त्यात धरलेली असते. म्हणून मोटर ५० किलोने जड घेतली तर तेवढं वजन माणसांतून किंवा सामानातून वजा होतं.

पाटीवर ९० लिहिलेलं असताना ११५ लावू नका. ट्रान्सम, म्हणजे मोटर जिच्यावर बसते ती बोटीची मागची बाजू, त्या ताकदीसाठी बांधलेला नसतो, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीला नकार द्यायला तेवढं कारण पुरतं. एचपी कमीत कमी किती असावी, हे मात्र पाटी सांगत नाही. बहुतेक बोटींना कमाल मर्यादेच्या पाऊण हिश्शाखाली जाऊ नये, असं आमचं मत आहे.

चूक तिसरी: पंख्याचा दोष मोटरच्या माथी मारणे

"मोटर लहान पडली" या तक्रारींत प्रत्यक्षात प्रोपेलर, म्हणजे पंखा, चुकीचा असल्याचं वारंवार आढळतं. मोटर बदलायला हजारो डॉलर लागतात, पंखा बदलायला काही शे. म्हणून आधी ही चाचणी करा.

नेहमीइतकी माणसं आणि निम्मी टाकी पेट्रोल घेऊन शांत पाण्यात जा. ट्रिम, म्हणजे मोटरचा तिरकेपणा, हळूहळू वर घेत पूर्ण थ्रॉटल द्या आणि सर्वांत जास्त आरपीएम (मोटरच्या मिनिटाला फेऱ्या) व जीपीएसवरचा वेग लिहून घ्या. प्रत्येक मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते. मर्क्युरी ११५साठी ती ५,००० ते ६,००० आहे. आकडा ४,६००वर अडकला तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो हिशोबाने जेवढे इंच पुढे सरकतो ते अंतर, जास्त आहे आणि मोटर चढावर चौथ्या गिअरमध्ये चाललेल्या गाडीसारखी दमते आहे. उलट आरपीएम रोखणाऱ्या लिमिटरवर आदळून मोटर अडखळत असेल तर पिच कमी आहे. एक इंच पिच बदलला की १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. ४,६००वरून ५,४००वर यायचं तर पिच चार इंचांनी उतरवावा लागेल, एका इंचाने भागणार नाही. पाँटूनवर वरच्या अर्ध्यात, ५,५०० ते ५,८००मध्ये राहावं, कारण भार जास्त झाला की आकडा खाली येणारच.

आरपीएम बरोबर पण वेग नाही, असं असेल तर घसरण काढा, म्हणजे हिशोबाच्या वेगापेक्षा खरा वेग किती टक्के कमी आहे ते. हिशोबाच्या वेगासाठी आरपीएमला इंचांतल्या पिचने गुणा आणि त्याला (गिअर रेशो गुणिले १०५६) याने भागा. गिअर रेशो म्हणजे पंखा एकदा फिरायला मोटरला लागणाऱ्या फेऱ्या. उत्तर ताशी मैलांत येतं. ५,६०० आरपीएम, १३ पिच, २.०७ रेशो यांवर ३३ मैल निघतात. जीपीएस २५ दाखवत असेल तर घसरण पंचवीस टक्के, पाँटूनला चालण्यासारखी. २० दाखवत असेल तर चाळीस टक्के. मग पंख्याचा हब, म्हणजे मधला गाभा, आतून निसटून फिरतो आहे का, पाती वाकली आहेत का, मोटर फार वर बसली आहे का, हे एकेक करून तपासा.

बोट पूर्वी बरी पळत होती आणि आता जड वाटते, तर नळकांड्यांवरचं शेवाळ खरवडा आणि कप्प्यांच्या बुचांतून पाणी निघतं का बघा. एका कप्प्यात १०० लिटर पाणी साचलं तर सव्वा माणूस फुकट फिरतो आहे. बोट एका अंगाला कललेली दिसत असेल तर हेच आधी बघायचं.

चूक चौथी: गिअरकेस न विचारणे

एकाच एचपीची मोटर दोन प्रकारच्या गिअरकेसमध्ये, म्हणजे पंखा फिरवणारे गिअर असलेल्या खालच्या भागासह, मिळते. मर्क्युरी ६०ची साधी गिअरकेस १.८३ रेशोची, कमांड थ्रस्ट नावाच्या मोठ्या गिअरकेसची २.३३ची. यामाहाच्या हाय थ्रस्ट ६०लाही २.३३च आहे. रेशो जास्त म्हणजे पंखा हळू फिरतो, पण मोठ्या व्यासाचा लावता येतो आणि जड बोट जोराने ढकलतो. पाँटूनला हेच हवं. धक्क्याला लावताना तर फरक हाताला कळतो. कठड्यांमुळे बोटीच्या बाजूला सुमारे पाच चौरस मीटरचं शीड उभं असतं आणि वारा तिला सरळ ढकलत नेतो. जुन्या मोटरचा पंखा नव्या गिअरकेसवर चढवू नका: २.०७ रेशोवर १३ पिच जो वेग देतो, त्यासाठी २.३८वर १५ पिच लागतो.

चूक पाचवी: शाफ्ट आणि उंची

शाफ्ट म्हणजे मोटरच्या पायाची लांबी. बहुतेक पाँटूनना २० इंची शाफ्ट लागतो, जास्त एचपीच्या ट्रायटूनना २५ इंची. ट्रान्सम मोजूनच मागवा. वळणावर पंखा हवा ओढून मोकळा फिरत असेल तर मोटर एक भोक खाली घ्या. भोकांमधलं अंतर पाऊण इंच असतं. एका भोकाने फरक पडला नाही तर दुसरं. फार खाली गेली की पाण्याचे फवारे उडतात आणि वेग मार खातो.

तळ्याचा नियम आणि उंची

एचपीची मर्यादा आधी विचारा. पिट्सबर्गच्या उत्तरेच्या लेक आर्थरवर ती २० एचपी आहे, आणि तिथे ११५ची बोट घेऊन जाणं म्हणजे ट्रेलरवरच परत आणणं. अशा तळ्यावर एचपी वाढवता येत नाही. तिथे जास्त रेशोची गिअरकेस, कमी पिचचा पंखा आणि मोजकी माणसं, यांवरच भागवावं लागतं.

उंचीवरच्या तळ्यात हवा विरळ असते आणि दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद जाते. लेक टाहो ६,२२५ फुटांवर आहे. तिथे ११५ची मोटर जेमतेम ९४ची राहते. सखल भागातून बोट तिथे नेणार असाल तर दोन इंच कमी पिचचा दुसरा पंखा सोबत ठेवा आणि पहिल्या फेरीतच आरपीएम पुन्हा तपासा.