घरच्या घरी वाईन टेस्टिंग: दोन व्हाईट, दोन रेड आणि थोडे शेंगदाणे

वाईन टेस्ट करायला नाशिकलाच जायला पाहिजे असं काही नाही, उलट वीकेंडला तिथे एवढी गर्दी आणि एवढे फोटो चालू असतात की ग्लासात काय आहे ते कळतच नाही. घरीच चार-पाच जण जमा. एका 750 मिलीच्या बाटलीत टेस्टिंगचे 50 मिलीवाले 15 ग्लास होतात, म्हणजे चार बाटल्या खूप झाल्या.

माझा नेहमीचा सेट: व्हाईटमध्ये नाशिकच्या सुला कंपनीची सोविन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, रेडमध्ये नाशिकचीच कुठलीही बरी शिराज आणि अकलूजच्या फ्रातेली कंपनीची सांजोवेझे (ही चारही द्राक्षाच्या जातींची नावं). घेताना दोन गोष्टी बघा. एक, दुकानात काचेत उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, मग ती कितीही महागडी असो. दुसरं म्हणजे लेबलवरचं वर्ष. साध्या व्हाईट ताज्या असतानाच मजा देतात. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी, त्यामुळे द्राक्ष तोडायला येतात जानेवारी ते मार्चमध्ये, युरोपात तोडणी सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

आता टेंपरेचर, आणि माझ्या मते निम्मं टेस्टिंग इथेच बिघडतं. रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यायची हे खरं, पण ती रूम थंड प्रदेशातली, 16 ते 18 डिग्रीची, आपल्या मे महिन्यातल्या पुण्यातली नव्हे! गरम रेडमध्ये अल्कोहोलच नाकात जातं. त्यामुळे रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बिनधास्त. व्हाईट दोन-तीन तास ठेवा पण ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असली की वास मरतो. आणि बर्फ टाकणाऱ्या काकांना त्या दिवशी सोडा द्या.

ग्लास एक तृतीयांशच भरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा, मग न हलवता एकदा वास आणि गोल फिरवून परत एकदा वास. फरक लगेच कळतो. परफ्यूम, अगरबत्ती, किचनमधली फोडणी सगळं बंद. ओल्या रद्दीसारखा कुबट वास आला तर ती बाटली कॉर्कमुळे खराब झालीय, बाजूला ठेवा.

सुरुवात सोविन्यॉपासून. हिरवट वास येतो, चिरलेली ढोबळी मिरची, गवत, मागून थोडा पेरू, आणि जिभेच्या कडांना मस्त आंबट लागते. मग शेनिन, हिच्यात साखर थोडी शिल्लक असते, अननस वगैरे. हा क्रम उलटा केला तर सोविन्यॉ उगाच चिंचेसारखी लागेल, म्हणून गोड नेहमी नंतर. मला शेनिन नुसती फार आवडत नाही पण तिखटाबरोबर तिच्यासारखी दुसरी नाही, कोळंबीचं कालवण करा आणि बघा.

रेडमध्ये आधी सांजोवेझे. ही मूळची इटलीतल्या तोस्कानाची, तिथल्या कियान्ती नावाच्या वाईनमधली, फ्रातेलीत इटालियन भागीदार होते म्हणून ती थेट सोलापूर जिल्ह्यात रुजली. अंगाने हलकी, आलुबुखारासारखी आंबट, आणि घोट गेल्यावर हिरड्या तुरट होतात. तो तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्याचा, रेड सालांसकट आंबवतात त्यामुळे सालं-बियांतून उतरतो, व्हाईटमध्ये नुसता रसच आंबवतात म्हणून तो जवळपास नसतोच. शिराज शेवटी, काळी मिरी, जांभूळ, ओकच्या पिंपात मुरवलेली असेल तर व्हॅनिला आणि धूर. तांबडा रस्सा मात्र शिराजबरोबर नको, तिखट आणि टॅनिन एकत्र आले की तोंडाची आग होते, कमी तिखटाचं सुकं मटण चालेल. मध्ये मध्ये खायला साधे खारे शेंगदाणे आणि पाणी, चिवडा नको, त्यातला मसाला तोंडात राहतो.

एक खेळ जरूर करा. 2001 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी व्हाईट वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून 54 जणांना दिली होती, आणि लोकांनी तिच्या वासाचं वर्णन सरळ रेडच्या भाषेत केलं. तुम्ही डोळे बांधा, शेनिन आणि सांजोवेझे दोन्ही सारख्याच गार करा आणि ओळखायला सांगा. ग्रुपमधला सगळ्यात कॉन्फिडंट माणूस हमखास अडकतो, आणि तुरटपणाकडे लक्ष देणारा सुटतो.

उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा, तीन दिवसात संपवा.