हिरडा, फणस आणि विहिरीचं पाणी

नैसर्गिक रंगांनी कापड रंगवायला लागले तेव्हा पहिले तीन महिने मला फणसाच्या लाकडाचा पिवळा मिळाला नाही. दर वेळी कापड शेवाळी निघायचं. आज भिंतभर पट, म्हणजे कापडावरची चित्रं, रंगवते, तरी पातेल्यातून कापडाचं पहिलं टोक वर काढताना पोटात गोळा येतोच.

सुती कापड धुण्याच्या सोड्यात उकळायचं, मग रंग धरून ठेवायला हिरडा आणि तुरटी, मग रंग, असा क्रम असतो. कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडा, १५ टक्के तुरटी, आणि कापडाइतकाच फणसाच्या लाकडाच्या गाभ्याचा भुसा, असं सगळं मी मोजून घेत होते. सुताराने दुसरं लाकूड मिसळलं असेल म्हणून त्याच्याशी भांडलेसुद्धा. त्याचं अजून वाईट वाटतं.

दोष आमच्या विहिरीचा होता. घर गोव्यात डिचोलीकडे, लोहखनिजाच्या पट्ट्यात, जांभ्या दगडावर. पाणी काचेसारखं. पण विरघळलेलं लोह डोळ्याला दिसत नाही. बादली रात्रभर ठेवली की तळाला तांबूस गाळ बसतो, तेव्हा कळतं. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र आले की काळा-निळा रंग तयार होतो; जुनी शाई अशीच करत. म्हणजे फणसात जाण्याआधी, हिरड्याच्या पाण्यातच माझं कापड राखाडी झालं होतं. मी ते पाहिलंही होतं. ओलं आहे म्हणून तसं दिसतंय, अशी समजूत घालून घेतली. तुम्ही तिथेच थांबा. हिरड्यातून कापड फिकट पिवळसर निघायला हवं. राखाडी झाक आली तर ती तुरटीने जात नाही, साबणाने जात नाही, आणि वरून कितीही फणस ओता, शेवाळीच होणार.

कापड भिजवण्याआधी पांढऱ्या कपात पाणी घ्या, चिमूटभर हिरडा पूड टाका, तासभर ठेवा. करडं किंवा जांभळट झालं तर ते पाणी रंगाला नको. लोखंडी कढई, गंजलेलं झाकण, खिळा मारलेली काठी यांतूनही लोह उतरतं. स्टीलचं पातेलं घ्या.

दोन दिवसांच्या शिबिरात हे मला कुणी सांगितलं नाही. शिकवणाऱ्यांचं पाणी चांगलं असेल, त्यांना प्रश्नच पडला नसेल. म्हणून गुरू निवडताना त्यांची फसलेली कापडं बघायला मागा. ती जो दाखवत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. कोकमाचा गुलाबी कितीही मोहात पाडो, उन्हात टिकत नाही.

रंगासाठी ऐनाची साल लागली तर ती उभ्या झाडाची ओरबाडू नका, तोडलेल्या ओंडक्याची मागून घ्या. म्हादई अभयारण्यातून तर पानही आणू नका, तो गुन्हा आहे.

आणि फसलेलं टाकू नका. माझी सात शेवाळी कापडं पुढे एका पटात गेली. सोयाबीनच्या दुधात कालवलेली जांभ्याची माती त्यांच्यावर ब्रशने लावली, आणि पावसातला सत्तरी तालुक्याचा डोंगर उभा राहिला. फक्त गडद छटेसाठी मुद्दाम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापराल तेव्हा हात आखडता ठेवा, जास्त लोहाने सूत काही वर्षांत कुजतं.

आता जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरींनी कौलं धुऊन जाऊ देते, मग पागोळ्यांखाली पिंप लावते. गेल्या आषाढात त्या पाण्यात पहिल्यांदा स्वच्छ पिवळा निघाला. कापड वाळल्याबरोबर घडी घातली आणि त्या सुताराला नेऊन दाखवलं.