लग्नपत्रिकेचा टँग्रॅम आणि कागदाची गोधडी

माझ्या भाचीला, वय साडेपाच, एकदा त्रिकोण उलटा धरून दाखवला, म्हणजे टोक खाली आणि सपाट बाजू वर, आणि विचारलं हे काय गं, तर म्हणाली "हा त्रिकोण नाहीये, हा पडलाय". तक्त्यावरचा त्रिकोण कायम पाटावर बसल्यासारखा बसलेला असतो ना, मग तिच्या डोक्यात तेच. पिएर आणि डिना व्हान हीले हे डच नवराबायको, दोघंही गणिताचे शिक्षक, त्यांनी १९५७ साली हेच मांडलं होतं की मूल आधी आकार अख्खा, चित्रासारखा ओळखतं, बाजू किती आणि कोन कसे हे नंतर बघायला लागतं, आणि ते नुसतं वय वाढलं म्हणून येत नाही, तसं काही करायला मिळालं तर येतं. तर ते करायला देण्याचे माझ्याकडचे दोन स्वस्त प्रकार सांगते, टँग्रॅम (एका चौरसाचे सात तुकडे करून त्यांतून आकार लावायचा खेळ) आणि गोधडी.

विकतचा सेट आणू नका. मुलाने स्वतः चौरसातून ते सात तुकडे काढले की अर्धी भूमिती तिथेच होते. (आणि विकतच्या खोक्यावर कधी कधी ४००० वर्षं जुना खेळ वगैरे लिहिलेलं असतं, ती सॅम लॉइड नावाच्या अमेरिकन कोडेवाल्याने १९०३ मध्ये मारलेली थाप आहे. खेळ चीनचाच, पण त्याची जुनी पुस्तकं सापडतात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची.)

आधी साध्या कागदाचा १६ सेंमीचा चौरस घ्या. समोरासमोरचे कोपरे जुळवून घडी, कापा, दोन त्रिकोण. त्यातला एक परत मधोमध दुमडून कापा, हे दोन मोठे त्रिकोण झाले, बाजूला ठेवा. उरलेल्या त्रिकोणाची लांब बाजू, म्हणजे कर्ण, त्याच्या मध्यावर नखाने खूण करा, समोरचा काटकोनाचा कोपरा त्या खुणेवर आणून टेकवा, घडीवर कापा, की मधला त्रिकोण सुटतो आणि खाली होडीसारखा तुकडा उरतो. होडी मधोमध उभी कापा. आता दोन अर्ध्या होड्या. पहिलीचं टोकदार नाक तळाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर दुमडून कापलं की एक चौरस आणि एक छोटा त्रिकोण. दुसरीचा तळाचा काटकोनी कोपरा तिरका वर नेऊन समोरच्या पसरट कोपऱ्याला लावायचा, ही घडी जरा अवघड आहे, इथे तुम्ही हात लावा, कापलं की समांतरभुज चौकोन आणि दुसरा छोटा त्रिकोण. झाले सात. प्रत्येक कापाआधी एकच विचारायचं, "आता काय निघेल?" चुकू दे.

कागद पंख्याने उडतो, आमचा पहिला सेट सगळा सोफ्याखाली गेला, म्हणून हे तुकडे जाड लग्नपत्रिकेवर ठेवून आखा आणि परत कापा. पत्रिका का, तर एक बाजू छापील आणि एक कोरी असते, त्याचा उपयोग पुढे आहे. गणपतीची बाजू मात्र सोडा, आमच्याकडे आईने बघितलं आणि त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

पहिले तीन-चार दिवस काहीही शिकवायचं नाही. घर, मासा, मांजर, रॉकेट, काय वाट्टेल ते करू दे. मोठ्यांना हेच जमत नाही, लगेच "याला किती बाजू?" सुरू करतात आणि पोरगं उठून टीव्हीकडे जातं. मग एक दिवस दोनच छोटे त्रिकोण पुढे ठेवायचे आणि म्हणायचं यांच्या सारख्या बाजू एकमेकींना चिकटव, काय काय होतं बघू. तीन आकार निघतात: चौरस, मधला त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन. सेटमधले ते तीन तुकडे वर ठेवून बघितले की तंतोतंत बसतात, तेव्हा पोरांचं तोंड बघण्यासारखं होतं. समांतरभुज चौकोन हे नाव आत्ता लादायची गरज नाही, भाचीने त्याला शंकरपाळी म्हटलं, मी चालवून घेतलं. (खरं तर शंकरपाळीच्या चारही बाजू साधारण सारख्या असतात आणि याच्या दोन लांब दोन आखूड. पुढे दिवाळीत तिला दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावला, तो तिने शोधला आणि मग शंकरपाळी खाल्ली.)

आता पत्रिकेची गंमत. सगळे तुकडे कोऱ्या बाजूने ठेवून अख्खा चौरस, कापला तेव्हा जो तुकडा जिथे होता तिथेच बसवून, परत लावायला सांगा, पण त्याआधी गुपचूप शंकरपाळी तेवढी पालथी करून ठेवा. सहा तुकडे नुसते फिरवून बसतात, ही एक बसत नाही. भाचीने ती चारी दिशांनी फिरवली, दाबून बसवायचा प्रयत्न केला, मग रागाने आपटली, ती पालटून कोरी बाजू वर येऊन पडली आणि बसली. "म्हणजे ही उलटी होती!" हो, उलटीच ठेवली होती. सातांत हा एकच तुकडा असा आहे की तो पालथा केला की वेगळा होतो, बाकीचे आरशात बघितले तरी स्वतःसारखेच दिसतात. फिरवणं आणि पालथं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी समजावलं असतं तर तिला कळलं नसतं.

मग दुकान-दुकान. छोटा त्रिकोण १ रुपया, बाकीच्यांची किंमत तुकड्यावर छोटे त्रिकोण मांडून काढायची. त्यासाठी छोट्याचे १४ जादा कापून ठेवा, म्हणजे एकूण १६ होतात. मधला त्रिकोण २, चौरस २, शंकरपाळी २, मोठा त्रिकोण ४, सगळा सेट १६ रुपये. माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याने शंकरपाळीला ३ रुपये लावले, का तर लांब आहे. वाद घालू नका, त्यालाच दोन छोटे त्रिकोण वर ठेवू द्या. नंतर सातही वापरून एक मासा आणि एक घर करून विचारा कोणतं महाग. याला क्षेत्रफळ म्हणतात हे सांगायला अजून दोन-तीन वर्षं आहेत.

जरा मोठ्या मुलांना, म्हणजे दुसरी-तिसरीतल्या, हे द्या: २ तुकड्यांचा चौरस कर, मग ३ चा, ४ चा, ५ चा. होतात सगळे. ७ चा तर माहितीच आहे. ६ चा होत नाही, कितीही डोकं खाजवलं तरी होत नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतेय, त्यांना सांगू नका. दोन दिवस झटू द्या, "होतच नाहीये" असं तेच म्हणतील, तेव्हा "का बरं?" एवढंच.

टँग्रॅममध्ये एक उणीव आहे, एकच आकार परत परत मांडत गेलं की काय होतं ते त्यात दिसत नाही. तिथे गोधडी. घरात जुन्या लुगड्यांची, धोतरांची गोधडी किंवा वाकळ असेल तर ती जमिनीवर पसरा आणि मुलाला वर बसवून त्रिकोणी ठिगळं शोधायला लावा. धावदोरा बघा कसा जातो, बऱ्याच गोधड्यांत तो कडेकडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन करत आत येतो. त्यावरून बोट फिरवत मध्यापर्यंत यायचं, पाच मिनिटं पोरगं शांत.

मग कागदाची गोधडी. ५ सेंमीचे १६ पांढरे चौरस, त्यावर कर्णावर कापलेले रंगीत त्रिकोण चिकटवायचे, म्हणजे प्रत्येक चौरस अर्धा पांढरा अर्धा रंगीत. चिकटवणं मुलांनीच करायचं, फेविकॉल सगळीकडे लागणार आहे, खाली वर्तमानपत्र घाला. आता फक्त चार चौरस घेऊन दोन बाय दोन मांडा. चारही रंगीत त्रिकोणांचे काटकोन मध्यात आणले की टोकावर उभा रंगीत चौरस होतो, पतंगासारखा. प्रत्येक चौरस आधीच्यापेक्षा पाव फेरी जास्त फिरवला, पण यावेळी प्रत्येक त्रिकोणाचं अणकुचीदार टोक मध्यात आलं, की भिंगरी. एक चौरस चार प्रकारे ठेवता येतो, म्हणून चारांच्या मांडण्या २५६ होतात, सगळ्या करायला लावू नका अर्थात.

पतंग आणि भिंगरी शेजारी ठेवा आणि छोटा आरसा घ्या, पावडरच्या डबीतला चालतो. आरसा पतंगाच्या मधोमध उभा धरला की अर्ध्याचा अख्खा पतंग दिसतो. भिंगरीवर तसाच धरला की भलतंच काहीतरी दिसतं. आमच्याकडे "आरसा खराब आहे" असा निकाल लागला. मग भिंगरी एका कागदावर चिकटवून, मध्यात टाचणी टोचून पाव फेरी फिरवली, परत तशीच. अजून पाव, तशीच. पतंगाचं पण असंच होतं का बघा (होतं), म्हणजे एकाला आरसाही चालतो आणि फिरणंही, दुसरीला फक्त फिरणं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना खऱ्या कापडाची बाहुलीची गोधडी जमते, टेलरकडे चिंध्या मिळतात. इथे नवीन गोष्ट म्हणजे माया, शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड. कागदाचा ५ सेंमीचा चौरस ५ चाच राहतो, कापडाचा शिवला की दोन्हीकडून शिवणीत जातो, म्हणून पाऊण सेंमी माया धरली तर साडेसहाचा कापायचा. मी हे आधी सांगितलं नाही, पुतण्याने ५ चेच कापले, शिवल्यावर मोजले तर साडेतीन. दीड कुठे गेला? उलटून बघितल्यावर सापडला. अर्ध्या-अर्ध्या रंगाच्या चौरसासाठी त्रिकोण कापून शिवू नका, तिरकं कापड ताणलं जातं आणि कोपरे वाकडे होतात. त्यापेक्षा दोन रंगांचे ८ सेंमीचे चौरस सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा, पेन्सिलीने कर्ण आखा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाऊण सेंमीवर धावदोरा घाला आणि रेघेवर कापा. उघडले की दोन तयार चौरस निघतात, चारही कडांनी छाटून साडेसहाचे करायचे, छाटताना तिरकी शिवण कोपऱ्यातून कोपऱ्यात राहील असं बघा. चार चौरस जोडल्यावर मधली टोकं जुळणार नाहीत, पहिल्यांदा कुणाचीच जुळत नाहीत, तिथे एक बटण लावून टाका.