स्थानिक कार्यक्रम की सहक्षेपण : रेडिओत येणाऱ्या नव्या उद्घोषकांसाठी

आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांवर नैमित्तिक (गरजेनुसार ड्युटीवर बोलावले जाणारे) उद्घोषक होऊ इच्छिणारी मुले-मुली भेटली की आवाज कसा कमवावा, हे आवर्जून विचारतात. केंद्राच्या प्रसारणातला किती भाग तिथेच तयार होतो आणि किती पुणे, मुंबई किंवा दिल्लीहून सहक्षेपित होतो, म्हणजे तिथला कार्यक्रम जसाच्या तसा इथून ऐकवला जातो, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. उद्घोषकाच्या वाट्याला कोणते काम येणार, हे पुष्कळसे त्यावरच ठरते. महिन्याला ड्युट्या मोजक्याच मिळतात, त्यामुळे ही समज आधीपासून असलेली बरी.

सहक्षेपणाच्या वेळी उद्घोषकाला काम नसते, हा समज चुकीचा आहे. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या घ्यायच्या असतील, तर आपले निवेदन त्याआधी अचूक संपलेले असावे लागते, आणि पुण्याशी जोडणारा दुवा तुटलाच तर श्रोत्याला शांतता ऐकू येण्यापूर्वी भरणीचे (रिकामी वेळ भरून काढणारे) संगीत सुरू व्हावे लागते. ही शिस्त अंगी बाणली की बाकीचे शिकणे सोपे जाते.

श्रोत्यांना काय आवडते, याबद्दल माझे मत फोन-इन कार्यक्रम आणि श्रोत्यांची पत्रे यांवरून बनले आहे. केवळ गावचे आहे म्हणून कोणी कार्यक्रम ऐकत नाही. जुनी चित्रपटगीते आणि कलावंतांच्या मुलाखती यांसाठी श्रोता 1957 पासून चालत आलेल्या विविध भारतीकडे आनंदाने वळतो, कारण तिथला संग्रह आणि निर्मितीचा दर्जा छोट्या केंद्राला परवडणारा नसतो. याउलट जी माहिती दर वीस कोसांवर बदलते, तिच्यासाठी तो आपल्याच केंद्राची वाट पाहतो.

सांगलीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या माणसाला राज्यात सरासरी किती पाऊस झाला, यापेक्षा कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे कळायला हवे असते. तिथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी आकडा कोणत्या वेळचा आहे हे सांगितल्याशिवाय तो वाचू नये, कारण दोन तासांपूर्वीच्या पातळीवर विसंबून एखादे कुटुंब घरातच थांबू शकते. तीच गोष्ट द्राक्षबागांची. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आणि पाऊस आला की तासगावचा बागायतदार दावण्या या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीत असतो. त्याला आज संध्याकाळी फवारणी करावी की थांबावे, एवढेच ऐकायचे असते. संपूर्ण राज्यासाठी केलेला शेतीविषयक कार्यक्रम कितीही चांगला असला, तरी हे उत्तर देऊ शकत नाही.

म्हणूनच स्थानिक वेळ वाया घालवलेली पाहिली की मला फार वाईट वाटते. स्टुडिओत बसून सकाळचे वर्तमानपत्र वाचून दाखवणे किंवा अर्धा तास पाहुण्याचा परिचय आणि आभार यांतच घालवणे, याला मी स्थानिक कार्यक्रम म्हणत नाही, आणि श्रोताही म्हणत नाही.

खासगी एफएमचे गणित निराळे आहे. खासगी एफएम परवान्यांच्या 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या सरकारी धोरणाने कंपन्यांना आपल्या केंद्रांच्या जाळ्यात एकच कार्यक्रम अनेक शहरांत देण्याची मोकळीक दिली. छोट्या शहरात जाहिरातींचे उत्पन्न मर्यादित असल्याने मोठ्या शहरातल्या स्टुडिओत तयार झालेला कार्यक्रम तिथे वाजवणे स्वस्त पडते, आणि तेवढ्या आरजेंच्या (रेडिओ जॉकींच्या) जागा कमी होतात. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घेता येतात. परंतु वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, वीज-पाणीपुरवठ्याच्या सूचना आणि आपत्तीचे इशारे देण्यास परवानगी आहे. माझ्या मते छोट्या शहरातल्या नव्या आरजेने गप्पांपेक्षा याच भागावर हुकमत मिळवावी, कारण दूरच्या स्टुडिओतल्या निवेदकाला तो भाग सांभाळणे अवघड जाते.

शिकण्यासाठी मी सामुदायिक रेडिओची, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या केंद्रांची, शिफारस करीन. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिथले किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून घडवावे लागतात आणि प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे 100 वॅटपर्यंतच असते. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या केंद्राचे प्रसारण ऐकल्यास हे काम कसे चालते याची कल्पना येते. मानधन थोडे असते, पण ध्वनिमुद्रण, संपादन आणि बांधावर जाऊन माणसांना बोलते करणे, ही तिन्ही कामे एकाच माणसाला करावी लागत असल्याने शिकायला भरपूर मिळते.

वाणी चाचणीला (उद्घोषक निवडीच्या आवाजाच्या परीक्षेला) जाण्यापूर्वी त्या केंद्राची सकाळची सभा, म्हणजे सकाळचे प्रसारणसत्र, आठवडाभर ऐका आणि कोणता भाग कुठून येतो याची वेळेनुसार नोंद करा. सोबत धरणाचे नियंत्रण कक्ष, बाजार समिती आणि महावितरण यांच्या दूरध्वनी क्रमांकांची वही तयार ठेवा. मुलाखतीत एखाद्या स्थानिक कार्यक्रमाची कल्पना मांडायला सांगितले, तर माहिती कोणाकडून आणि किती वाजता मिळवणार हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.