दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पोर्ट्रेट काढायचंय? आधी मोजायची टेप घ्या

भाचीचं पहिलं बोरन्हाण. ताईने पंधरा दिवस खपून हलव्याचे दागिने केले होते: मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. संध्याकाळी सात वाजता, दोन ट्यूबलाइटच्या उजेडात, मी कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ एमएम झूम लेन्सने दीडशे फोटो काढले. एकातही तिचा हात स्पष्ट आला नाही. ती बोरं पकडायला झेपावत होती आणि माझं शटर १/३० सेकंदावर अडकलं होतं. त्या फोटोंची हळहळ मला आजही वाटते. घरगुती कार्यक्रमांचे फोटो मी त्यानंतर शिकून काढायला लागले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दोष कॅमेऱ्याच्या बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या भागाचा, नव्हता. १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ५० एमएम एफ १.८ लेन्स त्याच जागी जवळपास दहापट उजेड आत घेते. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, तोच १६०० ठेवला तरी १/३० चं शटर १/२५० च्या पुढे जातं, आणि मुलाचा हात जिथल्या तिथे थांबतो. त्यामुळे बजेट कमी असेल तर बॉडी जुनी घ्या, पण लेन्स एफ १.८ ची घ्या.

आता लेन्स ५० एमएमची घ्यायची की ३५ ची? एमएमचा आकडा मोठा, तर दिसणारा भाग कमी. हे दुकानदाराला विचारू नका, खोलीला विचारा. आमच्या डोंबिवलीतल्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बारा. माणूस भिंतीला चिकटून बसला की मागे काळी सावली पडते, म्हणून त्याला दोन फूट पुढे घ्यायचं. तुम्हाला उभं राहायला दीड फूट. सोफा आणि शोकेस वजा केले की मधे साडेसहा फूट, म्हणजे दोन मीटर उरतात. एवढ्या अंतरावरून साध्या, म्हणजे एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स उभ्या फ्रेममध्ये जेमतेम तीन फूट उंची पकडते. पाटावर बसलेलं बाळ किंवा आजीचा खांद्यापर्यंतचा फोटो त्यात छान येतो. पण खुर्चीत बसलेली आई आणि मांडीवर बाळ, पायांपर्यंत हवं असेल तर नाही. तिथे ३५ लागते, ती सव्वाचार फुटांच्या आसपास घेते. मात्र ३५ घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. चार-पाच फुटांचं अंतर राहू द्या.

विकत घेण्याआधी एक करा. कुणाची तरी १८-५५ मागून आणा, झूमची रिंग ३५ वर ठेवून सेलोटेप लावा आणि दिवसभर घरातच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठे पाठ कपाटाला टेकते ते लगेच कळेल.

माझ्याकडे जुना कॅनन २०० डी आणि कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम आहे. ही लेन्स २०१५ सालची, हलकी, आणि कॅननच्या कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर बसते. निकॉन घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. स्वस्त मिळते म्हणून ५० एमएम एफ १.८ डी घेतलीत तर हातानेच फोकस करत बसावं लागेल. त्यांच्यासाठी ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स उत्तम, तिच्यात मोटर आहे. धावत्या मुलांचेच फोटो जास्त काढणार असाल आणि थोडे पैसे वाढवता येत असतील, तर डोळा ओळखून फोकस धरणारा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्या. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांच्या मागे मात्र लागू नका.

जुनं सामान मी मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात हातात घेऊन बघते. लेन्सच्या एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि दुसरीकडून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. आपल्या पावसाळी हवेत ती लवकर धरते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स ठेवते. बॉडी तपासताना कोऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर काळपट ठिपके उठतात.

लेन्स आल्यावर सगळे १.८ वरच फोटो काढतात. दीड मीटरवरून ५० लेन्स १.८ वर ठेवली की पुढेमागे सगळं मिळून साधारण सहा सेंटिमीटरचा भागच स्पष्ट राहतो. बाळाचे डोळे धारदार आणि मागे बसलेल्या आईचा चेहरा पुसट, असं होतं. दोघांना शक्य तितकं एका रेषेत बसवा आणि एफ २.८ वर या. फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१०० वर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

शक्य असेल तर दिवे बंदच करा. पाट खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थोडा तिरका ठेवा. उलट्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाका, म्हणजे चेहऱ्याची अंधारी बाजू उजळते. काळे कपडे बघून कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो आणि हलवा नुसता पांढरा फटक येतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-तृतीयांश स्टॉपने खाली घ्या (स्टॉप हे उजेडाचं माप). मग बाजूने येणाऱ्या उजेडात हलव्याचा काटा न् काटा दिसतो, प्रत्येकाची बारीकशी सावली पडलेली असते.

आता बोरन्हाणाचं बोलावणं आलं की मी आधी घरातल्या आजींना फोन करते. औक्षण, बोरं ओतणं, हळदीकुंकू संध्याकाळीच होऊ दे, पण दागिने घालून बाळाला चार वाजता एकदा खिडकीपाशी बसवा म्हणते. बहुतेक आजी तयार होतात. बाळाची झोप तेवढी आधी व्हायला हवी.