इलेक्ट्रिक गिटारचा टोन: घरी, सरावाला आणि मंचावर

घरी एकट्याने वाजवताना मनासारखा जमलेला टोन (आवाजाचा पोत) बँडमध्ये गेल्यावर हरवतो, तेव्हा दोष बहुधा गिटारचा किंवा पेडलचा (पायाने चालवायच्या, आवाज बदलणाऱ्या डबीचा) नसून आवाजाच्या पातळीचा असतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले आणि अगदी तीव्र ध्वनी तुलनेने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या आलेखांत हे स्पष्ट दिसते. त्यामुळे घरी वादक नकळत बेस (खर्ज) आणि ट्रेबल (तीव्र ध्वनी) वाढवतो, मिड (मधले ध्वनी) उतरवतो, आणि हीच मांडणी मोठ्या आवाजात एकाच वेळी घुमणारी आणि कर्कश वाटते. म्हणून ज्या पातळीवर वाजवायचे आहे त्याच पातळीवर टोन लावावा आणि घरची मांडणी घरापुरतीच ठेवावी.

घरी हेडफोन वापरणाऱ्यांनी कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) परिणाम देणारी सोय चालू आहे ना, हे आधी पाहावे. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी झपाट्याने कमी करतो. ही चाळणी नसेल तर डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम दिलेली खरखर) कानाला टोचते आणि वादक विनाकारण पेडल बदलत बसतो.

सरावाच्या खोलीत खरी कसोटी लागते. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झची आणि बेस गिटारची ४१ हर्ट्झची. त्याच भागात ड्रमचा किकही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) असतो. त्या गर्दीत गिटारने बेस वाढवून काहीच हाती लागत नाही, म्हणून बेस एकट्याने ऐकताना थोडा पातळ वाटेल इतका कमी करावा आणि मिड वाढवावा, कारण गिटारची ओळख तिथेच असते. गेनही (डिस्टॉर्शन किती हे ठरवणारी पातळी) घरच्यापेक्षा कमी लागतो: जास्त डिस्टॉर्शनने हळू आणि जोरदार आघातांतला फरक पुसला जातो, शिवाय मोठ्या आवाजात तारा आपोआपच अधिक काळ घुमत राहतात. दोन गिटारवादक असतील तर दोघांनी एकच टोन लावण्याचा मोह टाळावा. एकाने कमी गेन व अधिक ट्रेबल घ्यावे, दुसऱ्याने भरदार मिड. ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे, स्पीकर असलेले यंत्र) जमिनीवर असेल तर त्याचे तीव्र ध्वनी सरळ रेषेत वादकाच्या गुडघ्यांवर जातात, त्याला स्वतःला टोन मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. ॲम्प खुर्चीवर ठेवला किंवा मागे कलता केला, तर निम्मी तक्रार पैसे न खर्चता मिटते.

मंचावर मोठ्या वॉटचा ॲम्प हवाच, ही समजूत फसवी आहे. पन्नासऐवजी शंभर वॉट घेतले तरी फरक तीनच डेसिबलचा पडतो; आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती साधारण दसपट लागते. लहान ॲम्पसमोर माइक ठेवून बाकीचे काम साउंडवाल्यांवर सोपवावे. माइक स्पीकरच्या मध्याकडे नेला की टोन उजळतो, कडेकडे नेला की मऊ होतो. दोन-तीन सेंटिमीटर सरकवून ऐकावे, मगच नॉबला हात लावावा. सोलोसाठी (एकट्याने पुढे येऊन वाजवण्यासाठी) आवाज वाढवणारे बूस्टर पेडल डिस्टॉर्शनच्या पुढे, म्हणजे ॲम्पच्या बाजूला जोडावे. आधी जोडले तर बहुतांशी गेनच वाढतो, आवाज फारसा वाढत नाही. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) सभागृहात स्वतःचाच असतो, तेव्हा पेडलवरचा उतरवावा.

राहिली गुणगुण. सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारे एका वेटोळ्याचे साधन) आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडते. ट्रान्सफॉर्मर आणि डिमरपासून दूर उभे राहून किंवा शरीराचा कोन बदलून ती बरीच घटते, आणि हंबकरमध्ये (दोन वेटोळ्यांच्या पिकअपमध्ये) ती मुळातच फार कमी असते. गुणगुण जावी म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. गणेशोत्सवाच्या किंवा कॉलेजच्या उघड्या मंचावर, विशेषतः जनरेटरवर वाजवताना, गिटारच्या तारा आणि गायनाच्या माइकची जाळी यांच्यामधला एसी व्होल्टेज मल्टिमीटरने आधी तपासून घ्यावा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसला, तर वीज बंद करून जोडणी दुरुस्त होईपर्यंत ओठ माइकजवळ नेऊ नयेत.