मांजराला टेपवर्म पुन्हा पुन्हा होतोय? या चुका टाळा

मांजराच्या शेपटीखाली किंवा ते झोपतं त्या चादरीवर पांढरे चपटे तुकडे दिसतात. ओले असले की वळवळतात, वाळले की तिळासारखे पिवळट होतात. हा बहुधा टेपवर्म, म्हणजे फीतकृमी. डॉक्टर गोळी देतात, तुकडे थांबतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मग घरात निकाल लागतो, ‘गोळी बोगस होती.’

गोळीचा दोष सहसा नसतो. त्यातलं प्राझिक्वांटेल पोटातला जंत मारतं, पण पुढच्या जंताला अडवत नाही. पिसवेची अळी जंताची अंडी खाते, तिची पिसू होते, मांजर अंग चाटताना ती पिसू गिळतं आणि साधारण तीन आठवड्यांत तुकडे पुन्हा हजर. त्यामुळे गोळीसोबत मानेवर टाकायचं पिसवांचं औषध हवंच, आणि घोळ होतो तो तिथेच.

‘कुत्र्याचं आहे, थोडंसं टाकू’

ही चूक जिवावर बेतते. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. थरथर, लाळ, तोल जाणं, झटके. गुरांच्या गोचिडांच्या औषधाचंही तेच. निफाड-दिंडोरीकडे तर घरात द्राक्षबागेच्या फवारणीच्या बाटल्याही हाताशी असतात. त्यातलं ‘दोन थेंब पाण्यात’ वगैरे प्रयोग मांजरावर अजिबात नकोत. कापूर आणि टी ट्री तेलसुद्धा विषारीच, ‘नैसर्गिक’ असलं तरी. चुकून काही लागलंच, तर मांजर शुद्धीवर असेल आणि झटके येत नसतील तेव्हा कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने अंग धुवा आणि औषधाचं खोकं घेऊन लगेच डॉक्टर गाठा. झटके येत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका.

थेंब केसांवरच राहतात

डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या भागात केस दोन्ही बाजूंना सारा. कातडी स्पष्ट दिसली पाहिजे. पिपेटचं, म्हणजे औषधाच्या छोट्या नळीचं, टोक तिला टेकवा, पूर्ण दाबा आणि दाबलेलंच वर उचला, नाहीतर औषध परत आत ओढलं जातं. पाठीवर टाकलं तर मांजर चाटणार आणि तोंडाला फेस आणणार. चव कडू असते. थेंबांत फिप्रोनिल (पिसवा मारणारं औषध) असेल तर ते टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. पिल्लाचं वय आणि वजन खोक्यावरच्या मर्यादेत बसतं का, तेही बघा.

‘पिसवांचं औषध टाकलं, म्हणजे जंतही गेले’

नाही. फिप्रोनिल फक्त बाहेरच्या किड्यांवर चालतं. सेलामेक्टिन हे पिसवांचंच दुसरं औषध गोल जंतांवर चालतं, टेपवर्मवर नाही. काही थेंबांत प्राझिक्वांटेल मिसळलेलं असतं. खोक्यावर ते नाव नसेल तर जंताचं औषध वेगळं घ्यावं लागेल.

‘आमच्याकडे पिसवा नाहीतच’

मांजर इतकं चाटून-पुसून असतं की पिसू दिसण्याआधीच पोटात गेलेली असते. कंगव्यातून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

एका डोसनंतर थांबणं

पिसवांची अंडी मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, ती गादीत आणि फरशीच्या फटींत पडतात. कोषातली पिसू महिनोन् महिने दम धरून बसते, त्यामुळे थेंब टाकल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसतात. औषध बदलायची घाई करू नका. दर महिन्याला, निदान तीन महिने, घरातल्या सगळ्या मांजरांना थेंब टाका आणि कुत्रा असेल तर त्याला त्याचं वेगळं औषध द्या. कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्यापासून लांब ठेवा. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. नाशिकच्या दमट पावसाळ्यात पिसवा जोर धरतात, पण थंडी पडली म्हणून थेंब बंद करू नका, कारण घरातली ऊब त्यांना पुरते.

पंचवटी-भद्रकालीतल्या जुन्या वाड्यात मांजर उंदीर मारत असेल तर मात्र वेगळा टेपवर्म उंदरातूनही येतो. तिथे पिसवांच्या थेंबांचा उपयोग नाही, वेळोवेळी जंताचं औषधच द्यावं लागतं.

शी तपासून ‘काही नाही’ असा रिपोर्ट आला तरी निर्धास्त होऊ नका, तुकडे रोज पडत नाहीत. दिसला की छोट्या डबीत घालून न्या किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.